दार लावून बसायची तयारी

श्रीवर्धन

प्रिय छकुली,



"पुन्हा कोरोनासारखं काही आलं आणि महिनाभर दार लावून बसावं लागलं, तर घरात काय काय असावं ते एकदा लिहून पाठव," असं तू परवा फोनवर म्हणालीस. तुला बहुतेक यादी हवी होती. पण किराण्याची यादी मी तुला काय सांगणार? तुझा संसार तू चालवतेस. मी यादीच्या आधीचं आणि नंतरचं लिहिते. तुझं डोंबिवलीचं घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिते: हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर, एकच संडास-बाथरूम. माणसं चार, त्यांत सासूबाई इन्सुलिनवर आणि पिल्लू दुसरीत. बंगलेवाल्यांनी काय करावं ते बंगलेवाले बघतील.

पहिलं म्हणजे हे काम आत्ता करायचं, काहीही नसताना. २४ मार्च २०२०ची रात्र आठव. आठ वाजता टीव्हीवर सांगितलं की बारा वाजल्यापासून एकवीस दिवस देश बंद, आणि मधल्या चार तासांत चांगले शहाणेसुरते लोक पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरले. दुसऱ्या दिवशी पाडवा. ज्या गर्दीपासून लांब राहायचं, तिच्यातच घुसून लोकांनी साखर आणि मैदा आणला. एकेकाने दहा-दहा पुडे उचलले, आणि ज्याला रोजच्या मजुरीतून रोजचा पुडा घ्यायचा होता तो रिकाम्या फळीकडे बघत परत गेला.

आपल्याकडे हीच खरेदी दरवर्षी होते आणि तिची कुणाला लाज वाटत नाही. आगोट म्हणतो आपण तिला. मे महिना संपत आला की तांदूळ, मीठ, मसाला, आमसुलं, लसणीच्या जुड्या, कांद्याच्या माळा, कोळणीकडून सुकट आणि बोंबील, सगळं घरात येतं. मग पाऊस लागो, खाडी तुंबो, होड्या किनाऱ्याला लागोत. गोव्यातही हेच. तिकडे पुरुमेंत म्हणतात आणि मडगावला पावसाच्या तोंडावर त्याचं फेस्तही भरतं. बेगमी करणारा माल मुबलक असताना घेतो, म्हणून कुणाच्या ताटातलं काढून घेत नाही. साठेबाज टंचाईत घेतो. वस्तू त्याच असतात, बरण्याही त्याच. फरक फक्त कधी घेतलं एवढाच, आणि माझ्या मते पाप-पुण्य त्या 'कधी'तच आहे. म्हणून साथीची बातमी आल्यावर दुकानात धावायचं नाही. तेव्हा दुकान ज्यांची सोय आधी झालेली नाही त्यांचं.

आता हिशेब. शहरातल्या माणसाला महिन्याला आठ-नऊ किलो धान्य लागतं, त्यात पोहे-रवा सगळं आलं. रेशनवर माणशी पाच किलो मिळतं, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त, हेही ध्यानात ठेव. तुमच्या साडेतीन माणसांना महिन्याला तीसेक किलो धान्य, चार-पाच किलो डाळी-कडधान्यं, चार लिटर तेल पुरेल. तुला एवढं एकदम आणायचं नाही. दर महिन्याच्या यादीत एखाददुसरा जिन्नस दुप्पट घे. या महिन्यात तूरडाळ, पुढच्या महिन्यात पोहे, मग गूळ आणि शेंगदाणे. चार-सहा महिन्यांत तुझी कोठी भरलेली असेल आणि खिशाला कळणारही नाही. नवीन आणलेलं मागे, जुनं पुढे, आणि रोजच्या स्वयंपाकाला पुढचंच काढायचं. आणीबाणीसाठी म्हणून वेगळं बांधून ठेवलेलं धान्य मी कधीच चांगलं निघालेलं पाहिलं नाही. बेगमी रोज खायची आणि रोज भरायची असते.

हंगाम पाहून घेतलंस तर स्वस्तही पडेल आणि टिकेलही. कांदा उन्हाळी घे, एप्रिल-मे महिन्यातला. तो जाळीच्या पिशवीत वाऱ्याला टांगला तर चार महिने मजेत राहतो. पावसाळी लाल कांदा पंधरा दिवसांत मान टाकतो. बटाटे कांद्याजवळ ठेवू नकोस, दोन्ही नासतात.

गव्हाबद्दल एक सांगते. तुमच्याकडे गहू भरायची पद्धत आहे, चांगली आहे, पण गिरणी बंद पडली तर गव्हाचं पोतं घरात असून चपाती मिळत नाही. २०२० साली असं किती घरांत झालं! तयार पीठ महिना-दीड महिन्यापलीकडे कडवट होतं, म्हणून ते फार भरता येत नाही. त्यामुळे कठीण दिवसांची भिस्त तांदळावर. त्याला गिरणी लागत नाही, दळण लागत नाही, आणि डाळ-तांदूळ कुकरला एकत्र लावले की गॅसही थोडक्यात सुटतो. कुळथाचं पीठ ठेव. भाजी नसली की पिठी-भात दहा मिनिटांत होतो. मेतकूट ठेव, आजाऱ्याच्या तोंडाला चव नसते तेव्हा मऊ भात, मेतकूट, तूप एवढंच जातं. मोड आणायला मूग-मटकी असली की ताज्या भाजीची निम्मी चिंता मिटते.

धान्य भरताना ते कोरडं असायला हवं, हे तुला माहीत आहे. पण ऊन देऊन गरम असतानाच डब्यात भरलं की आत घाम धरतं आणि कीड पडते, हे पुष्कळांना माहीत नसतं. संध्याकाळी परातीत पसरून निवू दे, सकाळी भर. कडधान्याला एरंडेल चोळायचं. तळहातावर थेंबभर घेऊन हात फिरवायचा, दाणे चकाकले म्हणजे पुरे. निथळत असतील तर जास्त झालं. रवा कोरडा भाजून ठेव, नाहीतर पावसाळ्यात त्यात सोनकिडे आणि जाळ्या. तांदळाला बोरिक पावडर लावायची रीत आहे, मला ती पटत नाही. घरात आजारपण असलं की तांदूळ घाईघाईत एका पाण्यात धुतले जातात, आणि घरात लहान पोर आहे. कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला डब्याच्या तळाशी आणि वर घाल. आठवड्याला झाकण उघडून वास घे. डोळ्याआधी नाकाला कळतं.

एवढं झाल्यावर शहरातली माणसं फ्रीजकडे वळतात. मटार, पनीर, पंधरा दिवसांच्या भाज्या चिरून डबेच्या डबे. छकुली, फ्रीजवर फार विसंबू नकोस. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ इथेच येऊन आदळलं तेव्हा लॉकडाऊन होताच. मुंबईहून आलेल्यांना चौदा दिवस घरात बसायला सांगितलं होतं, आणि वरून हे. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब वाकले, कित्येक गावांत पुढचे कित्येक आठवडे वीज नव्हती. ज्यांची बेगमी फ्रीजमध्ये होती त्यांनी तिसऱ्या दिवशी ती खड्डा करून पुरली. ज्यांच्या कोठीत तांदूळ, सुकट आणि आमसुलं होती त्यांना स्वयंपाकाची चिंता पडली नाही. त्यांना चिंता पडली पाण्याची. वीज नाही म्हणजे विहिरीवरचा पंप नाही. रहाट काढून टाकलेल्या विहिरींना पुन्हा दोर लागले.

तुझ्या सोसायटीतही पाणी वरच्या टाकीत पंपानेच चढतं. म्हणून एक झाकणाचं पिंप कायम भरलेलं असू दे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी तीन-चार लिटर रोज, बाकी संडासाला. पाणी साठवलंस तर दर आठवड्याला पिंप रिकामं करून घासून कोरडं कर, नाहीतर एक साथ टाळायला दुसरी पाळशील. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो. मेडिक्लोरची बाटली आण, पण वापरायची तारीख बघून. गॅसचं दुसरं सिलिंडर भरलेलं आहे ना? पहिलं संपलं त्याच दिवशी नंबर लाव, "बघू नंतर" म्हणू नकोस.

सासूबाईंचं इन्सुलिन हा मात्र फ्रीजचा खरा मानकरी. न उघडलेलं दाराच्या कप्प्यात ठेव, बर्फाच्या खणाजवळ नको. एकदा गोठलं की ते फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. वीज गेली आणि लवकर येण्याची लक्षणं नसली, तर आपली जुनी युक्ती कर. मोठं मातीचं मडकं घे, त्यात लहान मडकं, मधल्या जागेत वाळू, आणि वाळूवर दिवसातून दोनदा पाणी. आत कोरड्या प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिन. पाणी उडून जाताना आतलं गार राहतं. फ्रीजइतकं नाही, पण उन्हाळ्याच्या खोलीपेक्षा पुष्कळ. साखर मोजायच्या पट्ट्या आणि सुया महिनाभर पुढच्या आणून ठेव, पट्ट्यांनाही मुदत असते. आणि डॉक्टरांना आत्ताच, बऱ्या असताना, विचारून कागदावर लिहून घे: आजारी पडून जेवण कमी झालं तर डोस किती, साखर किती खाली गेली तर काय द्यायचं, किती वर गेली तर कुणाला फोन करायचा. तापात आपल्या मनाने इन्सुलिन बंद करायचं नाही. हे त्यांनाही माहीत असू दे, त्या जिद्दी आहेत.

बाकी औषधांचा डबा आटोपशीर ठेव. पॅरासिटामॉल मोठ्यांचं, आणि पिल्लूचं वेगळं. तिच्या वजनाला किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून आणून बाटलीवरच चिकटव, कारण रात्री दोन वाजता कुणाला आठवत नाही. जलसंजीवनीच्या पुड्या ठेव. पुडी नसली तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचे सपाटच, शिगोशिग नाही. काटेकोर राहा, मीठ जास्त झालं तर पोराला अपाय होतो. थर्मामीटर ठेव. ऑक्सिमीटर पडून असेल तर सेल काढून ठेव. तो लावताना बोटाला मेंदी किंवा नखाला रंग असेल तर आकडा फसवतो, गार बोटालाही फसवतो. बोट चोळून गरम करून मग लाव. श्वासाच्या आजारात आकडा ९५ किंवा वर असला की बरं. ९४ किंवा खाली दिसला तर दुसऱ्या बोटाला लावून बघ, तरी तेच असेल तर डॉक्टर. बोलताना धाप लागणं, छातीत दाबल्यासारखं होणं, ओठ निळसर होणं, माणूस असंबद्ध बोलणं, यांत कसल्याच आकड्याची वाट बघायची नाही, १०८ला फोन. उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या "असू देत" म्हणून साठवू नकोस. व्हॉट्सॲपवरचे काढे मात्र बिनधास्त साठव, डिलीट करायला.

स्वच्छतेचंही असंच. साबण आणि पाणी, एवढ्याने नव्वद टक्के काम भागतं. ब्लीच आणलंस तर ते संडास धुवायच्या ॲसिडबरोबर कधी म्हणजे कधी मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस घुसमटतो. आणि हाताला सॅनिटायझर लावून गॅसपाशी जायचं नाही. घरातल्यांना हे एकदा मोठ्याने सांग.

मुंबईहून आलेली बिऱ्हाडं आमच्या वाडीत दाराआड बसली होती, तेव्हा कुणाच्या घरात काय संपतंय ते मी जवळून पाहत होते. तांदूळ कुणाचे संपले नाहीत. संपलं ते भलतंच. बायकांचे पॅड. चष्म्याचा स्क्रू. गॅसचा लायटर. एका घरात मोबाईलची एकुलती एक वायर उंदराने कुरतडली आणि पोरांची शाळा, आजीचं भजन, बापाचं ऑफिस, सगळं एका दमात बंद पडलं. म्हणून यादी करताना स्वयंपाकघरात उभी राहून करू नकोस. सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत हाताला काय काय लागतं ते एक दिवस नुसतं लिहीत जा. बॅटरी, मेणबत्त्या, सेल, दोरी, सुई-दोरा, बल्ब, बाथरूमच्या नळाचा वायसर. थोडी रोकड, सुट्ट्यांसकट. आणि फोन नंबर कागदावर लिहून फ्रीजच्या दाराला. फोनमधले नंबर फोनबरोबरच झोपतात.

आता त्या घरात एकच माणूस आजारी पडलं तर? पुढच्या खेपेला देशभर बंद असेलच असं नाही. शाळेतून आलेला गोवर, कांजण्या, स्वाइन फ्लू, यांतही एका खोलीचं दार लावावंच लागतं. बेडरूम आजाऱ्याला द्यायची, खिडकी उघडी, दार बंद. बाकी तिघं हॉलमध्ये. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव की त्यांची झोपायची जागा बदलेल, ऐन वेळी सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला ती हकालपट्टी वाटते. बाथरूम एकच, म्हणून आजाऱ्याची पाळी शेवटची. वापरून झालं की खिडकी-पंखा चालू, नळ आणि कडी पुसून घ्यायची, आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याने जायचं. ब्रश वेगळ्या पेल्यात. ताट-वाटी वेगळी ठेवलीस तर ठीक, पण साबणाने घासलेल्या भांड्याला काही चिकटत नाही. याचं सोवळं-ओवळं करू नकोस. आजार संपला की ते ताट पुन्हा पंगतीत यायलाच हवं. आजाऱ्याचं एकानेच बघायचं, तोंडाला मास्क लावून. आणि ते एक माणूस सासूबाई असता कामा नये.

पण छकुली, आपल्या घरांत 'एकाने बघायचं' म्हणजे सुनेने बघायचं, हे कुणी न बोलता ठरलेलं असतं. सगळ्या तयाऱ्या याच गृहीतावर होतात. समजा तूच आजारी पडलीस. बेडरूममध्ये तू, दार बंद. बाहेर जावईबापू, मधुमेहाची आई आणि सात वर्षांची मुलगी. तांदूळ कुठल्या डब्यात, उसळीला आदल्या रात्री भिजवायचं असतं, कुकरची शिट्टी कधी अडकते, पिल्लूला कुठल्या भाजीचा वास चालत नाही, सासूबाईंच्या सकाळच्या आणि रात्रीच्या सुया कुठल्या, हे सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात. ती दारापलीकडची बायको म्हणजे कुलूपबंद कोठी. मला विचारशील तर माझ्या मते तुमच्या घराच्या तयारीतला सगळ्यात मोठा खड्डा हा आहे, आणि तो वाण्याकडून काही आणून बुजणार नाही.

त्याला उपाय एकच. एका रविवारी आजारी पडल्यासारखी आत जाऊन बस. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत. दार लावायचं, पुस्तक वाचायचं, आणि बाहेरून काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. "अगं हिंग कुठाय" याला नाही, "हे दूध उतू गेलं तर..." यालाही नाही. रात्री बाहेर येऊन बघ कशाकशावर अडलं. जे अडलं ते डब्यावर चिठ्ठी लावून सोडव. तुझे काका अशा एका रविवारी बटाट्याची भाजी आणि तांदळाची खीर एवढ्यावर तरले. खीर मुळात पेज व्हायची होती. पुढच्या रविवारी पेज जमली. जावई हुशार आहेत, ते ऑफिसात दहा माणसं सांभाळतात असं तूच सांगतेस. त्यांना एक कुकर जड नाही.

आणि याला 'मदत' म्हणू नका. २०२०मध्ये माणसं घरात बसली आणि घरातलं काम तिप्पट झालं: चार वेळचा चहा, दोन्ही वेळचं साग्रसंगीत जेवण, वरून यूट्यूबवरच्या जिलब्या. कामाला येणाऱ्या मावशी बंद. ते तिप्पट काम कुणाच्या अंगावर पडलं, ते प्रत्येक घराला माहीत आहे. बेगमीच्या वहीत एक पान कामाचं कर. भांडी कुणाची, कपडे कुणाचे, केर कुणाचा, पिल्लूचा अभ्यास कुणाचा. भांडण आज होऊ दे, तेव्हा व्हायला नको.

कामाच्या मावशींवरून आठवलं. त्यांचा पगार तुझ्या बेगमीत धर. तू दार लावलंस म्हणजे त्यांचं काम थांबलं, त्यांची चूल थांबली नाही. दोन महिन्यांचा पगार बाजूला ठेवायचा आणि त्यांना आधीच सांगायचं की दार बंद झालं तरी एक तारखेला पैसे येतील. सगळ्या तयारीत महाग अशी हीच एक गोष्ट, आणि माझ्याकडे मोकळे पैसे असते तर मी तांदळाच्या आधी तेच केलं असतं.

शेजारचं तर फारच बघ. तुझ्या मजल्यावर चार दारं आहेत. त्यांतलं एक दार कधीतरी बंद होईल आणि बाहेर कुणीतरी दूध-भाजी ठेवावी लागेल. मार्च २०२०मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारत होते. शिक्का होता तो 'घरी राहा' म्हणून. पण लोकांनी शिक्केवाल्याला रेल्वेतून उतरवलं, सोसायट्यांनी लिफ्ट बंद केली, आणि आपल्या गावांत चाकरमान्यांना वेशीवर अडवलं. गणपतीला यायचं तर १२ ऑगस्टच्या आत पोहोचून दहा दिवस घरात बसायचं, असा नियम सरकारने केला, म्हणून निदान वाद मिटले. विलगीकरण आणि वाळीत टाकणं यांत आपल्याकडे नेहमीच गल्लत होते. आपल्या रायगडात तर गावकीच्या बहिष्काराची इतकी प्रकरणं झाली की राज्याला २०१६ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

याचा परिणाम काय होतो तेही सांगते. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. पुढच्या वर्षी तो पुण्यात भडकला. तिथला प्लेगचा अधिकारी रँड, त्याच्या अमलात गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधायचे आणि माणूस उचलून छावणीत न्यायचे, म्हणून लोकांनी आजारी माणसं लपवली, आणि लपवलेल्या घरांतून रोग आणखी पसरला. खेडोपाडी याच्या उलट. उंदीर पडला की अख्खं गाव आपणहून उठून रानात झोपड्या घालून राही. सगळेच निघायचे, म्हणून कुणी एकटा पडायचा नाही. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ला गेल्या त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करतानाच. आणि त्याच साली केलेला साथरोगाचा कायदा मार्च २०२०मध्ये पुन्हा आपल्यावर लागू झाला. कायदा सव्वाशे वर्षं टिकला, पण माणूस आजार सांगतो की लपवतो हे अजून शेजाऱ्याच्या वागण्यावरच ठरतं. तू शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेव: आमचं दार बंद झालं तर तुम्ही, तुमचं झालं तर आम्ही. पिशवी दाराशी ठेवायची, बेल वाजवायची, दोन पावलं मागे होऊन हाक मारायची. हाक महत्त्वाची. आमच्या वाडीत पायरीवर कळशी ठेवून गुपचूप परतणाऱ्यापेक्षा "काय गं, बरी आहेस ना?" असं ओरडून जाणारी जास्त लक्षात राहिली.

पिल्लूचं मी फारसं सांगत नाही. पत्ते, कॅरम, रंग, जुन्या साड्यांचे तंबू, आणि रोज अर्धा तास गच्चीत किंवा खिडकीत. मोठी माणसं हळू आवाजात काय बोलतात ते मुलांना कळत नाही, पण आवाज हळू झाला हे कळतं. तिला सरळ सांगायचं. सासूबाईंना मात्र काम द्यायचं, निवडायचं, सोलायचं, पिल्लूला पाढे शिकवायचे. "तुम्ही नुसत्या बसा" हे त्यांना औषधापेक्षा कडू लागेल.

कंटाळा येईल. भांडाल. त्यात विशेष काही नाही, दोन खोल्यांत चार माणसं महिनाभर म्हणजे देवांचीही भांडणं होतील. फक्त हात उगारण्यापर्यंत कुठल्याही घरात गेलं, तुझ्या किंवा शेजारच्या, तर १८१ आणि ११२ हे दोन नंबरही त्या फ्रीजवरच्या कागदावर असू देत. बंद दाराआड ज्यांना मार खावा लागतो त्यांना रोगापेक्षा घर धोक्याचं असतं. हे लिहायला जड जातं, पण यादीत नसलं तर ऐन वेळी सुचत नाही.

काकांचे आशीर्वाद. सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
मावशी

ता. क. यष्टीच्या पार्सलने डबे पाठवते आहे: मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं, पोह्याचे पापड, आणि एका बाटलीत एरंडेल. सुकट मुद्दाम पाठवत नाही, तुमच्या लिफ्टमधले लोक वासावरून मीटिंग बोलावतील. पार्सल आणायला जावईबापूंनाच पाठव, आणि कुठल्या डब्यात काय ठेवायचं तेही त्यांनाच ठरवू दे.